शटरची स्प्रिंग आणि तिचा खरा खर्च

सकाळी दहाच्या सुमारास सोलापूरच्या नवी पेठेतून तुम्ही कधी पायी गेलात, तर एक आवाज हमखास कानी पडेल. खर्रर्र करून एक शटर वर जाते, मग शेजारचे, मग समोरचे. रात्री तोच आवाज पुन्हा, फक्त उलट्या दिशेने. बाजार उघडला आणि बाजार मिटला, हे सांगणारी ही जणू घंटाच. आता तर तालुक्याच्या गावी, आणि लहान खेड्यातही, किराणा दुकान म्हणू नका, बी-बियाणांचे दुकान म्हणू नका, पिठाची गिरणी, दूध संकलन केंद्र, ट्रॅक्टरची शेड, सगळीकडे शटर आले आहे. आपण ते रोज उघडतो आणि रोज लावतो. पण ते वर जाते कसे, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. तो पडतो ज्या दिवशी ते वर जात नाही, त्या दिवशी. मग मिस्त्री येतो, वर बघतो आणि म्हणतो, "स्प्रिंग तुटलीय." आणि आपला पहिला प्रश्न असतो, "किती खर्च येईल?"

ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर आज आपण नीट शोधणार आहोत. मी अर्थशास्त्र शिकवतो, लोहारकाम नव्हे. पण खर्च म्हणजे नुसता बिलावरचा आकडा नसतो, हे आमच्या विषयातले पहिले सूत्र. शटरच्या स्प्रिंगेइतके ते सूत्र स्वच्छ दाखवून देणारी वस्तू मला दुसरी सापडलेली नाही.

आधी थोडे मागे जाऊ. माझ्या लहानपणी आजोळच्या वाण्याच्या दुकानाला फळ्या होत्या. उंबऱ्यात एक खाच, वरच्या तुळईत एक खाच, आणि त्यांत एकेक फळी उभी सरकवायची. प्रत्येक फळीवर आकडा घातलेला असे. एक, दोन, तीन अशा क्रमाने फळ्या लावायच्या आणि शेवटच्या फळीला कडी-कुलूप. दुकानाचे दार आठ फूट रुंद असले तरी माणसाला एका वेळी उचलावी लागे ती एकच फळी. म्हणजे दाराचे वजन माणसाने आपल्या बेताचे तुकडे करून वाटून घेतले होते.

शटरात असे तुकडे पाडता येत नाहीत. ते अखंड उचलावे लागते. मग त्याचे वजन किती असते, ते पाहू. आठ फूट रुंद आणि आठ फूट उंच शटर घ्या. क्षेत्रफळ ६४ चौरस फूट, म्हणजे जवळजवळ सहा चौरस मीटर. सव्वा मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा एका चौरस मीटरला जवळजवळ दहा किलो भरतो. झाले साठ किलो. शिवाय पट्ट्या एकमेकींत अडकवण्यासाठी त्यांच्या कडा वळवलेल्या असतात, तिथे पत्रा जास्त लागतो. खालची जाड पट्टी, कुलपाच्या कड्या हे वेगळेच. सगळे मिळून ऐंशी किलो सहज होतात. ऐंशी किलो म्हणजे ज्वारीचे दीड पोते झाले. आता सांगा, पंच्याहत्तरीचे आजोबा किंवा शाळेत जाणारी मुलगी दीड पोते ज्वारी डोक्याच्या वर उचलू शकेल काय? नाही. पण तेच आजोबा आणि तीच मुलगी शटर मात्र बिनदिक्कत उघडतात. हे कसे काय?

हे स्प्रिंग करते. शटरच्या वर, गोल पत्र्याच्या आवरणाखाली, एक आडवा पाईप असतो. तो दोन्ही टोकांना भिंतीतल्या ब्रॅकेटांवर घट्ट बसवलेला असतो, फिरत नाही. ह्या पाईपावर चाके असतात, ती मात्र फिरतात, आणि शटरची सर्वांत वरची पट्टी ह्या चाकांना जोडलेली असते. पाईपाच्या अंगावर पोलादी तारेच्या स्प्रिंगा ओवलेल्या असतात. प्रत्येक स्प्रिंगेचे एक टोक न फिरणाऱ्या पाईपाला अडकवलेले, दुसरे फिरणाऱ्या चाकाला. आपण शटर खाली ओढले की चाक फिरते, आणि चाकाबरोबर स्प्रिंगेला पीळ बसत जातो. पिळलेल्या स्प्रिंगेला उलगडायचे असते. म्हणून ती चाकाला उलट दिशेने, म्हणजे शटरला वरच्या दिशेने, सतत ओढत राहते.

ह्यात एक सुरेख मेळ आहे बघा. शटर जसजसे खाली येते, तसतसे त्याचे लोंबणारे वजन वाढत जाते. आणि शटर जसजसे खाली येते, तसतसा स्प्रिंगेचा पीळही वाढत जातो. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली एक नियम प्रसिद्ध केला. स्प्रिंगेला जितके ताणाल किंवा पिळाल, त्या प्रमाणात तिचा उलटा जोर वाढतो. एका बाजूला वजन वाढते आणि दुसऱ्या बाजूला जोर वाढतो. दुकानातला तराजू आठवा. एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजन, आणि काटा मध्यावर. स्प्रिंग म्हणजे शटरच्या तराजूचे न दिसणारे दुसरे पारडे होय. ते पारडे नीट भरलेले असले की आपल्या हाताला उरते ते आठ-दहा किलोंचे काम.

आता ह्या न दिसणाऱ्या पारड्यात शक्ती किती साठवलेली असते, तेही पाहून ठेवू, कारण पुढे धोक्याची गोष्ट यायची आहे. शटर उघडताना खालची पट्टी आठ फूट चढते, वरची जेमतेम हलते, म्हणजे सरासरी चार फूट. ऐंशी किलो वजन चार फूट उचलायचे. ८० गुणिले ४ म्हणजे ३२०. आता दहा लिटर पाण्याची कळशी बत्तीस फूट खोल विहिरीतून वर ओढा. १० गुणिले ३२ म्हणजेही ३२०. कळशीचे स्वतःचे वजन सोडून द्या. म्हणजे बंद शटरच्या स्प्रिंगांमध्ये एक भरलेली कळशी विहिरीच्या तळापासून काठावर आणण्याएवढे काम दाबून ठेवलेले असते. ते हळूहळू सुटले तर शटर वर जाते. एका क्षणात सुटले तर ते कुणाच्या हातावर किंवा तोंडावर सुटेल, हे सांगता येत नाही. शिवाय शटर पूर्ण उघडे असतानाही स्प्रिंगेत थोडा पीळ राखून ठेवलेला असतो. "आता वर गेलंय, आता ती ढिली असेल," हा समज खोटा आहे.

मग अशी ही पोलादाची तार तुटते तरी का? एक प्रयोग शाळेत करून पाहण्यासारखा आहे. गुरुजींनी वर्गात एक बारीक लोखंडी तार घ्यावी आणि एका मुलाला ती एकाच जागी मागे-पुढे वाकवायला सांगावी. एकदा वाकवली, तुटत नाही. पाच वेळा वाकवली, तुटत नाही. पण कितव्या तरी खेपेला ती टक्कन तुटते. शेवटच्या खेपेला मुलाने जोर काही जास्त लावलेला नसतो. आधीच्या प्रत्येक खेपेने तार थोडी थोडी थकवलेली असते. जर्मनीत आउगुस्ट व्योलर नावाचा एक रेल्वे अभियंता होता. आगगाडीच्या डब्यांचे आस नेहमीच्याच वजनाखाली अचानक मोडतात, ह्या गोष्टीचा त्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वर्षानुवर्षे अभ्यास केला. निष्कर्ष हाच निघाला की, एका झटक्यात मोडायला लागतो त्यापेक्षा कितीतरी कमी भार पुन्हा पुन्हा पडला, तरी धातू थकतो आणि मोडतो. शटरची स्प्रिंग अशीच थकते. दर उघडझापीला एक पीळ बसतो आणि एक उलगडतो.

ह्या थकव्याला तीन गोष्टी मदत करतात. पहिली गंज. वरच्या आवरणाचा पत्रा फुटलेला असेल तर पावसाचे पाणी थेट स्प्रिंगेवर येते, गंजाने तारेला बारीक खड्डे पडतात आणि चीर तिथूनच सुरू होते. दुसरी धूळ आणि कोरडेपणा. आपल्या सोलापूर जिल्ह्यात दोन्हींची वाण नाही. तारेचे वेढे कोरडे पडले की एकमेकांवर घासतात. आणि तिसरी गोष्ट म्हणजे आपण स्वतः. चोराच्या भीतीने शटरवर आडव्या लोखंडी पट्ट्या जोडून घेतो, उंची वाढवून चार पट्ट्या नव्या ओवतो, पण स्प्रिंगा त्याच ठेवतो. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात माल वाढवला आणि दुसऱ्यात वजन टाकायचे विसरलो.

इथे मला माझ्या मामांची हकीकत सांगितली पाहिजे. मंगळवेढ्याकडच्या एका गावात त्यांचे बी-बियाणांचे आणि खतांचे दुकान आहे. शटरला चार स्प्रिंगा होत्या. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, म्हणजे संक्रांतीला, त्यांतली एक तुटली. जवळचा एक कारागीर आला, वर चढला आणि म्हणाला, "नवीन कशाला टाकता? उरलेल्या टाईट करून देतो, काम भागेल." थोड्याशा पैशात काम भागले. शटर पुन्हा हलके झाले, मामा खूश झाले.

इथे घडले काय, ते नीट समजून घ्या. चार स्प्रिंगा मिळून जे ओझे पेलत होत्या, ते आता तिघींवर टाकले, तेही त्यांना जादा पीळ देऊन. त्या तिघी वयाने तेवढ्याच थकलेल्या. जून महिन्यात दुसरी तुटली. आता टाईट करायलाही वाव राहिला नाही. शटर जड झाले. मी सुट्टीत गेलो होतो तेव्हा मामा आणि दुकानातला मुलगा असे दोघे मिळून ते उचलत होते. मी विचारले, "मामा, शटर जड झालंय का हो?" तर म्हणाले, "जड कुठलं रे, माझं वय झालंय." मी वर बघितले नाही आणि पुढे काही विचारलेही नाही. ह्याची खंत मला अजून आहे.

सप्टेंबरअखेर रब्बी ज्वारीच्या पेरणीची घाई सुरू होती. दुकानात बियाणाच्या थैल्या आल्या होत्या. रात्री दुकान लावताना मामा शटर खाली ओढत होते, आणि शटर कमरेच्या खाली आले असताना तिसरी स्प्रिंग तुटली. उरलेल्या एकीला ते वजन पेलणे शक्यच नव्हते. शटर धाडकन ओट्यावर आदळले. मामांच्या उजव्या हाताची दोन बोटे खालची पट्टी आणि शहाबादी फरशी ह्यांच्यामध्ये सापडली. एक बोट वाचले, एक अर्धे गेले. दुकान ऐन हंगामात नऊ दिवस बंद राहिले. गिऱ्हाइके दुसऱ्या गावी गेली, ती काही सगळी परत आली नाहीत. दवाखान्याचे बिल नव्या स्प्रिंगांच्या पाच संचांएवढे झाले. मामा आता डाव्या हाताने पावती फाडतात.

वाचकहो, आता सांगा, त्या स्प्रिंगेचा खर्च किती झाला?

आपण आता खर्चाचा हिशोब पद्धतशीर मांडू. मिस्त्रीच्या बिलात दोन भाग असतात, एक मालाचा आणि एक मजुरीचा. लोकांना वाटते की स्प्रिंग महाग असते. बहुधा तसे नसते. स्प्रिंगेपेक्षा तिच्यापर्यंत पोचणे महाग असते. जुनी स्प्रिंग बदलायची म्हणजे दोघा-तिघांनी शिडी लावून वर चढायचे, शटर बांधून घ्यायचे, पाईप पान्याने धरून राहिलेला पीळ हळूहळू उतरवायचा, पट्ट्या सोडवायच्या, पाईप खाली घ्यायचा, स्प्रिंग बदलायची, वंगण द्यायचे, पाईप पुन्हा चढवायचा आणि मोजून तेवढाच पीळ परत भरायचा. एक स्प्रिंग बदला की चार बदला, हे सगळे काम तेवढेच.

हिशोब सोपा व्हावा म्हणून धरून चालू की एक स्प्रिंग पाचशे रुपयांना आहे आणि एका खेपेची मजुरी बाराशे आहे. तुमच्या गावचा भाव वेगळा असेल, तो तुम्ही इथे घाला, रीत तीच राहील. शटरला स्प्रिंगा चार. एकेक तुटेल तशी बदलत गेलो, तर दर खेपेला बाराशे अधिक पाचशे, म्हणजे सतराशे. चार खेपांचे ६८०० रुपये झाले. चारही एकदम बदलल्या, तर मजुरी एकदाच बाराशे आणि स्प्रिंगांचे दोन हजार, मिळून ३२०० रुपये. निम्म्याहूनही कमी. शिवाय चार वेळा दुकान अडकून पडले नाही आणि चार वेळा जिवाला घोर लागला नाही, हे वेगळेच.

आता कुणी म्हणेल, "गुरुजी, म्हणजे चांगल्या असलेल्या स्प्रिंगाही फेकून द्यायच्या?" प्रश्न रास्त आहे. शटर वर्षा-दोन वर्षांपूर्वीच बसवलेले असेल आणि एखादीच स्प्रिंग तुटली असेल, तर तो त्या एकीचा दोष असू शकतो. तेवढीच बदलावी, बाकीच्या तपासून घ्याव्यात. पण शटर आठ-दहा वर्षांचे असेल, तर चारही बहिणी एकाच दिवशी बसवलेल्या आणि सारख्याच थकलेल्या. एक गेली म्हणजे बाकीच्यांनीही सूचना दिली, असे समजावे.

ही रीत आपल्याकडचीच आहे असे नाही. तुमच्यापैकी काहींची मुले-मुली अमेरिकेत असतील. तिकडे घराला लागून मोटारघर असते आणि त्याचे मोठे दार सरकत वर जाते. वर उचलले जाणारे हे दार सी. जी. जॉन्सन नावाच्या गृहस्थाने १९२१ साली तिथे तयार केले. त्याच्याही डोक्यावर स्प्रिंगाच असतात. तिकडच्या साध्या स्प्रिंगा सर्वसाधारणपणे दहा हजार उघडझापींच्या हिशोबाने बनवलेल्या असतात. ती तुटली की तिथल्या मराठी कुटुंबालाही आपल्यासारखाच धक्का बसतो, कारण बिल काहीशे डॉलरचे येते आणि त्यात मजुरीचा वाटा मोठा असतो. दाराला दोन स्प्रिंगा असतील आणि एक तुटली असेल, तर जाणता कारागीर तिथेही दोन्ही बदलायचाच सल्ला देतो. कारण तेच, दोघींनी सारखीच चाकरी केलेली असते.

दहा हजार हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण तो आपल्या दुकानाला लावून पाहू. सकाळी उघडले, दुपारी जेवायला लावले, पुन्हा उघडले, रात्री लावले, म्हणजे दिवसाला दोन उघडझापी. वर्षाला सहाशे-सातशे. ह्या हिशोबाने पंधरा वर्षे निघतात. पण गोदामाचे किंवा दूध संकलन केंद्राचे शटर दिवसाला दहा वेळा वर-खाली होत असेल, तर तीच स्प्रिंग तीन वर्षांत थकेल. म्हणून "शेजाऱ्याची स्प्रिंग बारा वर्षे टिकली, माझी चारच वर्षांत कशी गेली?" असे विचारताना वर्षे मोजू नका, उघडझापी मोजा.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी.

स्प्रिंग तुटली हे ओळखायचे कसे? बहुधा वरून एक मोठा 'कड्' असा आवाज येतो, कधी रात्री बंद दुकानातूनही. मग शटर एकदम जड लागते. ते निम्म्यावर थांबत नाही, खाली घसरते. कधी एक बाजू पुढे आणि एक मागे असे तिरके चालते. नीट तोललेले शटर कमरेएवढे उचलले, तर हातात फार ओझे न देता जवळपास तिथेच राहते. ही परीक्षा दोन-तीन महिन्यांनी एकदा जरूर घ्यावी. मात्र दोघांनी मिळून घ्यावी, दोन्ही हात मुठीवर असावेत, पाय आणि डोके शटरच्या रेषेच्या बाहेर असावे आणि हात सोडून पाहू नये.

तुटली असे दिसले तर काय करावे? शटर बंद असेल तर बंदच राहू द्यावे. चार माणसे बोलावून, पहार घालून उचलू नये. उघडे असेल तर खालून जाणे-येणे ताबडतोब थांबवावे आणि दुसरे दार असेल तर ते वापरावे. बांबूचा टेकू लावून त्याखाली धंदा चालू ठेवण्याची आपल्याकडे फार वाईट खोड आहे. टेकूला कुणाचा पाय लागला की पुढचे सांगायला नको. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्वतः शिडी लावून पान्याने पाईप फिरवू नये. गावातला एखादा हुन्नरी पोरगा म्हणतो, "व्हिडिओ बघितलाय, मी करतो." त्याला थांबवा. विहिरीच्या तळातली ती कळशी आठवा. पाना हातातून सुटला तर तेवढी शक्ती त्या पान्यात येते.

मिस्त्रीला काय विचारावे? पहिले, एकूण स्प्रिंगा किती आणि तुटलेल्या किती. खाली उतरवल्यावर तुकडे दाखवायला सांगावे. दुसरे, नवी स्प्रिंग जुनीइतक्याच जाडीच्या तारेची आणि तेवढ्याच लांबीची आहे ना. आपल्या देशात शटरसाठी आयएस ६२४८ आणि स्प्रिंगेच्या तारेसाठी आयएस ४४५४ अशी मानके आहेत. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरपत्रकात हाताने उचलायच्या शटरसाठी २७.५ सेंटिमीटर लांबीच्या, जादा ताण सोसणाऱ्या पोलादी तारेच्या स्प्रिंगा सांगितलेल्या असतात. तुमचे दुकान सरकारी नसले तरी चांगला माल कशाला म्हणतात, हे त्यावरून कळते. तिसरे, सांगितलेल्या रकमेत माल, मजुरी, वंगण आणि येण्या-जाण्याचा खर्च सगळे आले की नाही. चौथे, काम झाल्यावर शटर निम्म्यावर धरून तोल दाखवायचा, हे आधीच ठरवून घ्यावे. आणि पाचवे, बिल. "बिल कशाला, घरचंच काम आहे," असे म्हणणाऱ्याकडून तर आधी बिल घ्यावे. त्यावर तारीख आणि स्प्रिंगांची संख्या लिहून घ्यावी. दहा वर्षांनी तोच कागद उपयोगी पडतो.

"उरलेल्या टाईट करून देतो," असे कुणी म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणावे. नवीन स्प्रिंग मिळेपर्यंत दोन दिवस दुकान मागच्या दाराने चालवावे. पीळ वाढवणे म्हणजे थकलेल्या बैलाला चाबूक मारून आणखी एक तास काढणे. तास निघतो, पण बैल बसतो.

ज्यांच्या शटरला विजेची मोटर आहे त्यांनी जास्तच सावध राहावे. हाताने उचलणाऱ्याला स्प्रिंग गेल्याचे हाताला कळते. मोटरवाल्याला फक्त बटण माहीत. स्प्रिंग तुटली तरी मोटर बिचारी सगळे वजन ओढत राहते, तापते आणि एक दिवस जळते. मग स्प्रिंगेच्या जागी मोटरचा खर्च निघतो. म्हणून मोटर नेहमीपेक्षा सावकाश किंवा कण्हत चालू लागली, तर आधी स्प्रिंगा तपासून घ्याव्यात.

निगा राखायला फार काही लागत नाही. वरच्या आवरणाचा पत्रा फुटला असेल तर पावसाळ्याआधी बदलावा. मृग लागण्यापूर्वी वर्षातून एकदा मिस्त्रीकडून स्प्रिंगांना पातळ तेल देऊन घ्यावे. बाजूच्या खाचांतली धूळ कोरड्या फडक्याने पुसावी. तिथे जाड ग्रीस फासू नये, त्यावर धूळ चिकटून उलट चिखल होतो. शटर सोडून देऊन आपटू नये, हाताने शेवटपर्यंत न्यावे. मुलांना शटरला लोंबकळू देऊ नये. शाळेच्या सामानाच्या खोलीला शटर असेल तर गुरुजींनी हे काम मुलांना सांगू नये, आणि उघडताना मुले दोन हात लांब उभी करावीत.

आता शेवटचा हिशोब, आणि तो अगदी लहान आहे. आपण धरलेल्या भावाने चारही स्प्रिंगा बदलायला ३२०० रुपये लागतात. त्या दहा वर्षे चालल्या असे धरा. दहा वर्षांचे दिवस ३६५०. भागाकार केला तर दिवसाला एक रुपयाही पडत नाही. कंपन्यांचे हिशोबनीस ह्याला घसारा म्हणतात. यंत्र रोज थोडे झिजते, म्हणून रोज थोडे पैसे बाजूला काढायचे. आपण दुकानदार, शेतकरी असा घसारा धरत नाही. म्हणून मोडतोड झाली की ती संकट वाटते, आणि मग आपण स्वस्तातला उपाय शोधतो. गल्ल्याशेजारी एक डबा ठेवावा. रात्री शटर लावण्याआधी त्यात एक रुपया टाकावा. ज्या दिवशी 'कड्' असा आवाज येईल, त्या दिवशी टाईट करून घ्यावे असे मनातही येणार नाही. डबा उघडावा आणि मिस्त्रीला बोलवावे.

माझ्या मामांच्या दुकानात आता असा डबा आहे. नव्या स्प्रिंगा बसवल्याची तारीख त्यांनी शटरच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून घेतली आहे. दुकानातला मुलगा आता एका हाताने शटर उचलतो. मामा जवळ उभे असतात आणि रोज न चुकता त्याला म्हणतात, "पाय मागं घे रे."